जागल्या

मावशींनी पावती हातात दिली तेव्हा तिच्यावर दुधाचा थेंब पडून शाई पसरली होती, पण तारीख वाचता येत होती. ०१/०१/२००९. वेळ, रात्रीचे बारा वाजून सात मिनिटे. पाळी, सकाळ. बाहेर जून महिन्यातली तिन्हीसांज होती. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रापुढे किटल्या आणि मोटारसायकली लागल्या होत्या, आणि नुकतीच लाईट परत आली होती.

“हे कुठलं साल पडलंय दादा? माझं आजचं दूध ह्या पगारात धरतील ना?”

आमच्याकडे दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, सगळे तारखेला आणि पाळीला बांधलेले असते. तारीख सुटली की ते दूध कुठल्याच दहा दिवसांत बसत नाही. मावशींच्या दोन म्हशी आहेत. त्यांच्या त्या प्रश्नात पेंड, वैरण, जनावरांचा डॉक्टर, सगळे आले होते.

केंद्रावरच्या पोराला विचारले. लाईट गेली, इन्व्हर्टरची बॅटरी आधीच बसलेली, संगणक बंद पडला. वीस मिनिटांनी लाईट आली तोवर रांग खोळंबली होती. त्याने संगणक चालू केला, काळ्या पडद्यावर नेहमीची इंग्रजी ओळ आली, त्याने नेहमीप्रमाणे एफ-वन दाबले आणि पावत्या फाडायला सुरुवात केली.

“ती ओळ काय म्हणते?”

“काय की. दिवाळीपासून येतीय. एफ-वन दाबलं की जाती. मग मी रोज सकाळी तारीख घालतो. आज गडबडीत राहिली.”

ती ओळ सांगत होती की घड्याळाचा सेल संपला आहे, वेळ गेली आहे, तारीख भरा. दिवाळीपासून जूनपर्यंत रोज सकाळी एकजण खरे सांगत होता आणि एका बटणाने त्याला गप्प केले जात होते. त्याच्याविषयी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

संकलन आटोपल्यावर मी संगणकाचे झाकण काढले. आत वैरणीचा भुसा आणि धूळ यांचा थर होता. फडक्याने पुसल्यावर मदरबोर्डच्या एका कोपऱ्यात तो दिसला, म्हणजे त्याची शिदोरी दिसली: रुपयाएवढा चपटा, चकचकीत बटण सेल. सीआर २०३२. हा आकडा म्हणजे त्याचे माप आहे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. नवा असतो तेव्हा तीन व्होल्ट देतो. मीटर लावला तर काटा दोनाच्याही खाली. शेजारी तांदळाच्या दाण्याएवढी पत्र्याची एक नळी आडवी निजलेली. त्या नळीत क्वार्ट्‌झचा एक इवलासा तुकडा असतो, नादकाट्याच्या आकारात कापलेला. शाळेच्या प्रयोगशाळेत नादकाटा रबरावर आपटून कानाशी धरलेला आठवत असेल. हा नादकाटा आपटावा लागत नाही. विजेच्या नुसत्या स्पर्शाने तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो.

हा आकडा कुणी उगाच निवडलेला नाही. एकाची दुप्पट, तिची दुप्पट, अशी पंधरा वेळा केली की ३२,७६८ येतात. म्हणजे उलट जाऊन पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक उरतो. चिपमध्ये निम्मे करणारी पंधरा पायऱ्यांची साखळी असते. वरून थरथर आत शिरते, खाली एकेक सेकंद टपकतो. पूर्वी लग्नमांडवात घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र सोडत. तळाच्या बारीक भोकातून पाणी शिरायचे, पात्र बुडाले की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे भरली. तिथे एक माणूस पात्राकडे नजर लावून बसलेला असे. इथे तो माणूस, ते पात्र आणि ते पाणी एवढ्याशा जागेत कायमचे नांदायला आले आहेत.

इंग्रजीत त्याचे नाव रिअल टाइम क्लॉक. दुरुस्ती करणारे आरटीसी म्हणतात. मला त्याला जागल्या म्हणावेसे वाटते. गावगाड्यात जागल्याचे काम असे. रात्री गाव निजले की त्याने जागायचे, फेरी मारायची, कोण आले, कोण गेले हे ध्यानात ठेवायचे. पाटील निजे, कुलकर्णी निजे, जागल्याने निजायचे नाही. सकाळी पाटलाने विचारले की रात्रीची हकीकत सांगायची. त्या कामाला मान थोडा आणि जबाबदारी मोठी. संगणकातला हा जागल्या त्याच जातकुळीचा आहे.

त्याच्या आधी काय होते तेही सांगायला हवे. आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर १९८१ साली आला तेव्हा त्यात जागल्या नव्हताच. संगणक चालू केला की तो आधी तारीख विचारी, मग वेळ विचारी. माणसाने जे सांगितले ते खरे. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची एमसी १४६८१८ नावाची चिप बसली आणि तिच्याबरोबर सेल आला. तिच्यात ६४ घरे होती. दहा घरे वेळ, तारीख आणि गजराची, चार तिच्या स्वतःच्या कारभाराची, आणि उरलेली ५० मोकळी. त्या मोकळ्या घरांत संगणकाची जडणघडण लिहून ठेवू लागले, की डिस्क कोणती आहे, मेमरी किती आहे. सेल गेला की तारखेबरोबर ही आठवणही पुसली जायची, कारण दोघांची चूल एकच. आता ती चिप वेगळी दिसत नाही, मोठ्या चिपच्या वाड्यात तिला एक खोली मिळाली आहे. पण त्या खोलीतली घरांची मांडणी चाळीस वर्षांनंतरही तीच आहे. शून्य नंबरला सेकंद, दोन नंबरला मिनिटे, चारला तास, सातला दिवस, आठला महिना, नऊला वर्ष. वर्षाला दोनच आकडे, कारण १९८४ साली शतक संपण्याची घाई कुणाला नव्हती.

पाटील म्हणजे कर्नेल, ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. संगणक जागा झाला की गावचा कारभार त्याच्या हाती. मेमरी कुणाला किती, डिस्क कुणी वापरायची, कुणाची पाळी कधी, हे सगळे तो ठरवतो. पण उठल्या उठल्या त्याला एक गोष्ट ठाऊक नसते: आज तिथी कोणती, वाजले किती. ती जागल्याला विचारायची. आणि विचारण्याची रीत आहे. ती रीत लिहिणाऱ्यांनी जागल्याचा स्वभाव फार बारकाईने ओळखला आहे.

पहिली गोष्ट, त्याच्या घराला दोन दारे. एका दारावर घराचा नंबर सांगायचा, दुसऱ्या दारातून त्या घरातला आकडा घ्यायचा. नंबर सांगून आकडा घेईपर्यंत मध्येच दुसरे कुणी येऊन वेगळा नंबर सांगून गेले तर मिनिटांच्या जागी महिना हाती येईल. म्हणून कर्नेल आधी कडी लावतो, काम होईपर्यंत कुणाला फिरकू देत नाही, मग कडी काढतो.

दुसरी गोष्ट, तो आकडे सुटे लिहितो. ५९ लिहायचे तर पाच वेगळा, नऊ वेगळा, हिशेबाच्या वहीत रकाने असावेत तसे. हे ध्यानात न घेता वाचले तर ५९ चे ८९ होतात, आणि ८९ सेकंद कुठल्या मिनिटात असतात?

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते. दर सेकंदाला तो सगळी घरे नव्याने लिहितो. ५९ चे शून्य होते, मिनिट एकाने वाढते, मध्यरात्र असेल तर दिवस बदलतो, वर्षअखेर असेल तर वर्ष. हे लिहायला त्याला दोन हजारांश सेकंद लागतात. तेवढ्यात कुणी वाचले तर अर्धे जुने, अर्धे नवे हाती लागेल. १२ वाजून ५९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर एक वाजायचा, पण घाईने वाचणाऱ्याला बारा वाजलेलेच दिसतील, एक तासाची चूक. म्हणून लिहायला बसण्याआधी निदान २४४ मायक्रोसेकंद तो एक खूण वर करतो: थांबा, लिहितो आहे. कर्नेल ती खूण पाहतो, खाली होईपर्यंत थांबतो, वाचतो, आणि वाचताना ती पुन्हा वर गेली नव्हती ना हे तपासतो. गेली असेल तर सगळे पहिल्यापासून. लिहिणाऱ्या माणसाला मध्येच टोकू नये हे आपल्याकडे लहान मुलालाही शिकवतात. इथे ते यंत्राला शिकवले आहे.

वेळ हाती आली की कर्नेल तिचे रूप बदलतो. वर्ष, महिना, दिवस हे माणसासाठी ठीक, हिशेबाला अवघड, कुठे तीस दिवस, कुठे एकतीस, चार वर्षांनी फेब्रुवारीत एक जादा. म्हणून तो एकच संख्या करतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ही संख्या म्हणजे १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून आतापर्यंत लोटलेले सेकंद. आपल्या पंचांगकर्त्यांना हे मुळीच नवे वाटणार नाही. ग्रहाची जागा काढायची तर ते आधी अहर्गण काढतात, ठरलेल्या आरंभापासून लोटलेले दिवस. नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ रचले तेव्हा हा आकडा हाताबाहेर वाढू नये म्हणून ४०१६ दिवसांचे चक्र धरले, चक्रे वेगळी मोजली आणि उरलेले दिवस वेगळे. संगणकवाल्यांनी ही काळजी उशिरा घेतली. सेकंदांची संख्या ३२ बिटांच्या घरात ठेवणाऱ्या जुन्या यंत्रांत ती १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, घर भरून सांडणार आहे. नव्या कर्नेलनी घर दुप्पट मोठे केले आहे. जुनी यंत्रे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आत्तापासून पाहून ठेवावे.

एकदा हकीकत ऐकली की पाटील दिवसभर जागल्याला विचारत नाही. आता कर्नेलजवळ स्वतःचे घड्याळ असते, प्रोसेसरच्या ठोक्यांवर चालणारे, कितीतरी बारीक मापाचे. इंटरनेट असेल तर दूरच्या अणुघड्याळांशी ताळा घालून ते आणखी सरळ राहते. जागल्या कोपऱ्यात मोजत असतो. संगणक निजवला, म्हणजे लॅपटॉपचे झाकण लावून ठेवले, की पुन्हा त्याची गरज लागते: किती वेळ निजलो होतो? मला अमुक वाजता उठव, असेही त्याला सांगून ठेवता येते, आणि तो उठवतो. लिनक्सचा कर्नेल या नात्याची परतफेडही करतो. बाहेरच्या अचूक वेळेशी त्याचा मेळ बसलेला असला की दर ११ मिनिटांनी तो जागल्याची वेळ सरळ करून देतो. तेही त्याचा स्वभाव सांभाळून. मूळ चिपमध्ये वेळ भरली की पुढचा सेकंद अर्ध्या सेकंदाने पडतो, म्हणून कर्नेल बरोबर अर्ध्या सेकंदाच्या टोकावर वेळ भरतो.

तरी जागल्या चुकतो. चुकीचे कारण त्याच्या जन्मात आहे आणि थोडे आपल्या मुलखात. कारखान्यातून निघतानाच नादकाट्यात दहा लाखांत वीसएक भाग इकडे तिकडे असू शकतो, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळजवळ एक मिनिट. शिवाय त्याचा जीव २५ अंश सेल्सिअसवर रमतो. त्याहून गरम झाले तरी तो मंदावतो, थंड झाले तरी मंदावतो. पारनेरला एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या खोलीत चाळीस अंश, पौषातल्या पहाटे दहा. दोन्हीकडे पंधरा अंशांचा फरक, आणि दोन्हीकडे सारखीच घट: दिवसाला सुमारे दोन-तृतीयांश सेकंद. उन्हाळा आणि थंडी दोन्ही अंगावर काढणाऱ्या नगरच्या माणसाला हे पटेल. लिनक्समध्ये याचीही वही असते. हा जागल्या दिवसाला किती मागे पडतो याची नोंद एका फाइलीत ठेवायची आणि पुढच्या वेळी त्याचे बोलणे तेवढे दुरुस्त करून घ्यायचे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे ऐकताना आपण हेच करतो. आता डीएस ३२३१ सारख्या चिपा आल्या आहेत, त्या दर ६४ सेकंदांनी स्वतःच तापमान पाहून चाल सुधारतात आणि शून्य ते चाळीस अंशांत वर्षाला साधारण मिनिटभरापेक्षा जास्त ढळत नाहीत. शेतातल्या हवामान केंद्राच्या पेटीत बसवायला या चिपा योग्य.

त्याला देश नाही आणि सूर्यही नाही. नगर शहर सुमारे पावणेपंचाहत्तर रेखांशावर आहे, भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. त्यामुळे नगरच्या माथ्यावर सूर्य सरासरीने साडेबारा वाजता येतो. जागल्याला त्याचे काही नाही. त्याला आपण जी वेळ सांगू ती तो पुढे मोजतो, आणि इथे दोन पाटलांचे भांडण लागते. विंडोज त्याला गावची वेळ सांगते, लिनक्स ग्रिनिचची. एकाच संगणकात दोन्ही असले तर विंडोजने दहा लिहिलेले लिनक्स ग्रिनिचचे दहा समजते आणि दुपारचे साडेतीन दाखवते. लोणी, संगमनेर, नगर, कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात हा साडेपाच तासांचा घोळ मुलांना भेटतो. दोष जागल्याला लागतो. माझे मत लिनक्सच्या बाजूचे आहे. जागल्याकडे एकच, कधी न हलणारी वेळ असावी आणि गावाचे हिशेब वर करावेत, कारण गावच्या वेळा हलतात.

त्या किती हलतात हे नगरच्या किल्ल्याने पाहिले आहे. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आणि काँग्रेस कार्यकारिणीतले त्यांचे सहकारी ऑगस्ट १९४२ मध्ये त्या किल्ल्यात कैद झाले. १ सप्टेंबर १९४२ ला युद्धासाठी हिंदुस्थानची घड्याळे एक तास पुढे केली गेली, ती १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तशीच राहिली. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ किल्ल्यात लिहिले ते एप्रिल ते सप्टेंबर १९४४ मध्ये. म्हणजे किल्ल्यात लिहिलेले त्या पुस्तकाचे पान अन् पान घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाचाऐवजी साडेसहा तास पुढे असताना लिहिले गेले. कुठल्याही लिनक्स संगणकात वेळपट्ट्यांचे जे कोष्टक असते त्यात हा बदल नोंदलेला आहे. १९४४ सालची एखादी वेळ आशिया-कोलकाता पट्टीत विचारा, संगणक साडेसहा तास जोडतो. ही सगळी आठवण वरच्या मजल्यावरची. खाली कर्नेल नुसते सेकंद मोजतो, त्याच्याही खाली जागल्या एकात एक मिळवतो.

या सगळ्यापेक्षा त्याचा मोठा गुण वेगळा आहे. त्याला डुलकी लागली तर तो ती लपवत नाही.

मूळ चिपच्या शेवटच्या कारभारी घरात एक खूण होती. सेलचा जोर तुटला की ती खाली पडे, आणि तिचा अर्थ होता: माझ्याकडची वेळ आणि आठवण यांवर आता विसंबू नका. ती एकदा वाचली की पुन्हा वर जात असे. कबुली एकदाच, ऐकायची तर तेव्हाच ऐका. डीएस ३२३१ मध्ये अशीच खूण आहे, नादकाटा मध्ये थांबला होता की नाही हे सांगणारी. लिनक्सच्या आरटीसी विभागातला शिरस्ता याच गुणाला धरून आहे. चिप म्हणत असेल की मध्ये मी थांबलो होतो, तर ड्रायव्हरने, म्हणजे चिपशी बोलणाऱ्या कर्नेलच्या भागाने, मनाने एखादी गोजिरी तारीख भरून वर पाठवायची नाही. चूक आहे असे स्पष्ट कळवायचे. वेळ ठाऊक नसणे हे खोट्या वेळेपेक्षा बरे. खोटी वेळ पावतीवर छापली जाते, खऱ्यासारखी दिसते आणि वहीत चढते.

आमच्या जिल्ह्याला नोंदीचे महत्त्व कुणी शिकवायला नको. नेवाशात प्रवरेकाठी ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तेव्हा अखेरीस शके १२१२ हे साल आणि लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदांचे नाव नोंदले गेले. त्या एका नोंदीमुळे सातशे वर्षांनंतर आपल्याला साल विचारावे लागत नाही. आणि आजच्या नोंदी पहा. महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तर सरकारी हिशेबात ती अतिवृष्टी, आणि नुकसानभरपाईचा विचार तिथून सुरू होतो. समजा पहाटे सहा ते आठ ७० मिलिमीटर पडले आणि पेटीतला जागल्या सव्वा तास पुढे आहे. सव्वासातनंतरचा पाऊस तो साडेआठनंतरचा म्हणून दुसऱ्या दिवसात लिहील. एका दिवशी ४५, दुसऱ्या दिवशी २५. कांदा तर शेतात सडला, पण अतिवृष्टी कुठल्याच दिवशी झाली नाही. पेटीला मोबाइलची रेंज असेल तर तिची वेळ वरून सरळ करता येते. घाटघर, रतनवाडीच्या बाजूला, जिथे जिल्ह्यातला सगळ्यांत जास्त पाऊस कोसळतो तिथे, डोंगराआड रेंज गेली की पेटीत तो एकटाच असतो. त्याच्या एका सेकंदामागे कुणाचे तरी वर्ष उभे असते. ही गोष्ट चिप बनवणाऱ्याला दिसत नाही, आपल्याला दिसली पाहिजे.

सेल आमच्याकडे लवकर का जातात, याचेही उत्तर आहे. संगणक बंद असला तरी भिंतीवरचे बटण चालू असेल तर पॉवर सप्लायमधून थोडी वीज बोर्डावर येत राहते आणि जागल्या तिच्यावर भागवतो, सेलला हात लावत नाही. गावाकडे काम झाले की आपण बटण बंद करतो. विजेचा भरवसा नाही, पावसाळ्यात वीज पडायची भीती असते, म्हणून केले तेही बरोबरच. पण मग सकाळच्या पाळीपासून संध्याकाळच्या पाळीपर्यंत आणि रात्रभर तो शिदोरीवर काढतो. त्यात लाईटचे आठ आठ तास जाणे आले. त्याची भूक काही मायक्रोअँपिअरची, कणभर, पण शिदोरीही केवढी, दोनशे वीस मिलिअँपिअर-तासांची. शहरात जो सेल सात-आठ वर्षे पुरतो तो आमच्याकडे त्याच्या निम्म्यात संपला तर नवल वाटू नये.

त्या संध्याकाळी आम्ही आधी पावत्यांचे पाहिले. केंद्राच्या सेक्रेटरींनी एक जुनी सवय सोडलेली नव्हती. संगणक आल्यावरही ते प्रत्येक पाळीचे लिटर आणि फॅट हाताने वहीत उतरवत. अकरा जणांचे दूध त्या वहीवरून खऱ्या तारखेला आणि संध्याकाळच्या पाळीत चढवले, चुकीच्या पावत्या रद्द केल्या. मावशींचे सव्वासहा लिटर जागेवर आले. त्यांनी वहीतली ओळ स्वतः बोट ठेवून पाहिली आणि मगच किटली उचलली.

मग सेल. पॉवरची वायर काढली. सेलला धरून ठेवणारा चिमटा नखाने मागे सारला की जुना सेल आपोआप वर येतो. नवा बसवताना अधिक खूण वर ठेवायची, आणि कडेने धरायचा, दोन्ही तोंडांना बोटाचा घाम लागू द्यायचा नाही. चालू केल्यावर बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन तारीख, वेळ भरली. बंद केले, भिंतीवरचे बटण बंद केले, दहा मिनिटे चहा घेतला, पुन्हा चालू केले. इंग्रजी ओळ आली नाही. घड्याळ दहा मिनिटे पुढे गेलेले होते.

पोराला मी सांगितले, पुन्हा ती ओळ आली तर एफ-वन दाबू नकोस, आधी मला फोन कर. त्याने ओळीचा अर्थ मराठीत एका कागदावर लिहून पडद्याच्या वरच्या कडेला चिकटवला. हे मला सुचले नव्हते.

जाता जाता नव्या सेलच्या चकचकीत पाठीवर पक्क्या शाईच्या पेनाने त्या दिवसाची तारीख लिहिली. तुमच्या गावच्या डेअरीत, सोसायटीत, शाळेत, ग्रामपंचायतीत जो जुना संगणक आहे तो एकदा उघडा. तीन वर्षे झाली असतील तर सेल बदला, स्वस्तात येतो. आणि त्याच्या पाठीवर तारीख लिहा, म्हणजे पुढे जो उघडेल त्याला कळेल की जागल्या कधीपासून जागा आहे.